बाबा, आपली पाणबुडी बुडाली

बाबा, चूक सापडली. आणि पाणबुडी बुडाली! शनिवारी दुपारी चूक सापडली, रविवारी सकाळी पाणबुडी बुडाली, आणि आज सोमवार असून मी दिवसभर ऑफिसात काडीचंही काम केलेलं नाही.

सांगायला मी सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीलासुद्धा. ती बिचारी ‘ओह, नाइस’ म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली. ज्याला सांगून खरी मजा यायची तो माणूस सतरा दिवसांपूर्वी उठून निघून गेला. तुमचं हे नेहमीचंच. वाद रंगात आला की तुम्ही ‘आलोच’ म्हणून उठायचात आणि मी एकटीच तावातावाने भिंतीशी बोलत बसायचे. आजही तेच करणार आहे. तुम्ही ऐका.

नुसती बातमी द्यायची असती तर एवढं लिहिलं नसतं. लोणी काळभोरच्या हौदाच्या काठावर मी तुम्हाला एक वाक्य बोलले होते. ते मला परत घ्यायचंय. त्याआधीच तुम्ही गेलात, याचा मला राग आहे. तुमच्यावर थोडा आणि स्वतःवर बराच. तेव्हा पहिल्यापासून सांगते.

सगळी सुरुवात माझ्या रिकामपणातून झाली. कंपनीने मला बेंचवर बसवलं होतं. म्हणजे हजेरी लागते, पगार मिळतो, काम मात्र नाही. नवीन प्रोजेक्ट येईपर्यंत नुसतं बसायचं. हे तुम्हाला समजावताना मला घाम फुटला होता. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “आम्हाले बसवलं ते घरीच बसवलं. तुमची कंपनी बरी, खुर्ची तरी देते.” तुमच्या कारखान्याचं पॅटर्न शॉप बंद होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जो भाग ओतायचा त्याचा लाकडी नमुना आधी तुम्ही घडवायचा, मग त्यावरून वाळूत साचा पडायचा, असं तीस-पस्तीस वर्षं चाललेलं. मग बाहेरून एक संगणकावर चालणारं मशीन आलं, तोच नमुना एका पाळीत कापायला लागलं आणि तुम्हाला व्हीआरएस घ्यायला लावली. तेव्हापासून तुम्ही विश्रांतवाडीच्या आपल्या गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीचं बांधकाम बघत होतात.

मी बेंचवर बसून इंटरनेट चाळत होते. त्यात एका जर्मन गृहस्थाने घरच्या घरी बनवलेल्या पाणबुडीचे फोटो दिसले. प्रिंट काढून घरी आणले. तुम्ही चष्मा कपाळावरून नाकावर घेतलात. हे खरंच पाण्याखाली जाते का, विचारलंत. जाते म्हटलं. रिमोटवर? रिमोटवर. रेडिओ, मोटर, पंप यांच्याकडे तुम्ही ढुंकून पाहिलं नाहीत. बोट ठेवलंत ते बाहेरच्या गोलाईवर. “ही बॉडी त्यानं स्वतः बनवली? मंग आपणबी बनवू. बाकीचं आण विकत.” एवढं बोलून तुम्ही खुर्ची उचलून गॅलरी झाडायला घेतलीत. आई स्वयंपाकघरातून बघतच राहिल्या, कारण वर्षभरात तुम्ही पहिल्यांदा झाडू हातात घेतला होता.

तुम्ही मला कधी सुनेसारखं वागवलंच नाहीत. मिलिंदबरोबर पहिल्यांदा तुमच्या घरी आले तेव्हा माझ्या घरी, शनिवार पेठेत, अबोला सुरू झाला होता. जातीचं नाव न घेता जात बोलायची कला आमच्याकडे सगळ्यांना अवगत आहे. मी तयारीने आले होते, की इथेही काहीतरी ऐकावं लागणार. तुम्ही फक्त विचारलंत, स्कूटर चालवता येते काय? मी म्हटलं, येते. “मंग झालं. आमच्या मिलिंदले नाही येत.” त्या दिवसापासून स्कूटर मी चालवायची आणि मागे बसून ब्रेक तुम्ही दाबायचे.

तशीच आपली स्वारी टिंबर मार्केटला गेली. परदेशी मशीनं ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या पाइनच्या फळ्या तिथे ढिगाने पडल्या होत्या. एका फळीवर शिक्का होता, आणि तो तुमच्या शॉपमध्ये आलेल्या मशीनच्या कंपनीचाच निघाला. मी धास्तावून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही फळी नाकाशी धरलीत, नखाने रेघ ओढून पाहिलीत आणि म्हणालात, “लाकूड बेस्ट आहे. लाकडावर काहून राग धरायचा?” त्या फळ्या मांडीवर आडव्या धरून तुम्ही घरापर्यंत आलात आणि वाटेत दोन रिक्षावाल्यांशी माझं भांडण झालं.

मग गॅलरीत तुमचं शॉप उघडलं. सोसायटीतल्या बायका आईंना विचारायच्या, तुमचे मिस्टर आणि सूनबाई गॅलरीत काय करत असतात हो? आई सांगायच्या, पाणबुडी. पुढे कुणी काही विचारायचं नाही.

तुम्ही फळ्या एकमेकींना चिकटवल्यात, पण बरोबर मध्यावर, दोन अर्ध्यांच्या मध्ये, वर्तमानपत्राचा कागद घातलात. मला वाटलं चुकून राहिला. मी बोलले नाही, हे विशेष. पुढे सगळा आकार उतरल्यावर तुम्ही त्या रेघेवर पटाशी टेकवून हलकीशी ठोकलीत आणि आख्खं लाकूड कागदावरून उकलून दोन सारख्या अर्ध्या भागांत उघडलं. मी ओरडले! आई तव्यावरची पोळी टाकून धावत आल्या. कुणाला काही लागलं नाही हे बघून, उलट जास्तच चिडून, परत गेल्या.

ड्रॉइंग माझं होतं. लांबी नऊशे मिलिमीटर, पोटात व्यास एकशे दहा. त्यावरून अकरा ठिकाणच्या गोलाईचे पत्रे तुम्ही कापलेत. रंधा मारायचा, पत्रा लावायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा रंधा. शेवटी शेवटी तर तुम्ही पत्रा बाजूला ठेवून डोळे मिटायचात आणि लाकडावरून तळवा फिरवायचात. इथं पोट आहे, म्हणायचात, म्हणजे फुगवटा. मला काहीही दिसायचं नाही. पत्रा लावला की नेमकं तिथे पोट असायचं. मी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, बाबा, पण अशी शोधणारी माणसं आमच्या आख्ख्या मजल्यावर नाहीत.

फायबरचं काम दोघांनाही नवं. लाकडावरून फायबरचा साचा करायचा आणि साच्यात पुन्हा फायबरची बॉडी. मे महिन्याच्या उन्हात रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर मी अंदाजाने ओतलं. अंदाजाने! माझ्यासारखीने! आईंचा निळा प्लास्टिकचा जग तापला, धुरावला, त्याचं बूड गळून पडलं आणि सगळं रेझिन खालच्या मजल्यावरच्यांनी वाळत घातलेल्या गोधडीवर सांडलं. ती गोधडी आता भिंतीला न टेकता उभी राहते, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी तुम्हाला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि साच्यातून बॉडी निघाली तो दिवस! मेणाचे पाच हात दिले होते तरी ती सुटेना. तुम्ही कडेकडेने लाकडी पाचरी सरकवत गेलात, फटीत गार पाणी सोडलंत, आणि आतून कट्‌ असा आवाज आला. ती सुटली. तुम्ही दोन्ही हातांनी ती उन्हात धरलीत. तिच्यातून उजेड आरपार येत होता, सगळीकडे सारखा, कुठे दाट नाही की कुठे फिका नाही. आईंना हाक मारलीत. आई आल्या, पाहिलं, दुधी भोपळा बरा दिसतो म्हणाल्या. तुम्ही तरी हसतच होतात. मी नाचायची तेवढी बाकी होते, आणि खरं तर तुम्ही ती घेऊन आत गेल्यावर थोडी नाचलेच.

मोटर, पंप आणि मिलिंदने अमेरिकेहून आणलेला रेडिओ बसवण्यात गणपती आले नि गेले. आतले आडवे पडदेसुद्धा तुम्हीच कापलेत आणि ते असे चपखल बसले की कुणाला कसली शंकाच आली नाही. वजनाचं गणित माझं. बॉडी किती पाणी बाजूला सारेल, तळाशी किती शिसं लागेल, पंपाने किती पाणी आत घेतलं की ती खाली जाईल, सगळं एक्सेलमध्ये, ग्रॅमपर्यंत. शिसं मी तळाशी रेझिनमध्ये पक्कं बसवूनही टाकलं. इतकी खात्री होती मला.

मग तो रविवार. तात्यांचा हौद. तात्या तुमच्याच फाउंड्रीतले मोल्डर. तुम्ही लाकूड घडवायचात, ते वाळूत दाबायचे. तेही तुमच्याबरोबरच व्हीआरएस घेऊन लोणी काळभोरला शेतीवर परतलेले. आपण पाणबुडी पाण्यात सोडली. काय सुरेख तरंगली! मी पंप सुरू केला. ती खाली जायला लागली, आणखी खाली, आणि थांबली. पाठीची चार बोटं रुंदी पाण्याबाहेर, पाठीवरचा मनोरा सबंध बाहेर. पुन्हा केलं. पुन्हा तेच. पाच वेळा तेच.

दोनशे ग्रॅम शिसं टाक, जाते खाली, असं तुम्ही पहिल्या फेरीलाच म्हणाला होतात. मी ऐकून घेईना. शिसं टाकून भागणार नाही, का बुडत नाही ते कळलं पाहिजे, माझं गणित तीनदा तपासलंय, म्हणजे बॉडीच कुठेतरी फुगली आहे, असं मी तात्यांच्या देखत सुनावलं. तुम्ही पिशवीतून तुमची स्टीलची पट्टी काढलीत. गुडघ्यावर बसलात. तीन ठिकाणी माप घेतलंत, प्रत्येक आकडा मोठ्याने वाचलात. तिन्ही ड्रॉइंगप्रमाणे. पाहा, म्हणालात. मी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. माझी जीभ शनिवार पेठेत वाढलेली. ती माझ्याआधी बोलते.

“पट्टी वाचायला डोळे लागतात, बाबा. तुमचा हात आता पहिल्यासारखा राहिलेला नाही, मान्य करा ना एकदा.”

तात्यांनी मान वळवली. तुम्ही पट्टी पँटला पुसलीत, फडक्यात गुंडाळलीत आणि ‘बरं’ म्हणालात. घरी येताना स्कूटरवर तुम्ही मागून एकदाही ब्रेक दाबला नाहीत. मला ते तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी गप्प राहिले, कारण मला वाटत होतं की मी बरोबर आहे. पुढचे चार दिवस तुम्ही गॅलरीत पाऊल टाकलं नाहीत. मी ठरवलं होतं की रविवारी मिसळ आणायची आणि बोलायचं. माझ्या सॉरीलासुद्धा सुट्टीचा दिवस लागतो. तुम्ही शुक्रवारी सकाळी गेलात.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुमच्या शॉपची निम्मी माणसं आली होती. वंदना झाली, लोक तुमच्याबद्दल बोलले. मला बोलायला सांगितलं तर मी उठलेच नाही. काय बोलणार होते?

परवा शनिवारी आई म्हणाल्या, तुमची पाणबुडी अशी उघडी पडली आहे, तिला एक पेटी तरी कर. मी पेटीसाठी माझ्या टेपने लांबी मोजली. नऊशे नऊ भरली! पहिल्यांदा, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बघा, म्हटलं, मी म्हणत होते ना. लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की टेप खाली ठेवली. मग वाटलं, निदान हात कुठे हलला ते तरी बघू. तुमची पट्टी फडक्यातून काढली, अकराही ठिकाणं शोधली आणि एकेक मोजत गेले. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. अकराच्या अकरा बरोबर, केसाइतकाही फरक नाही. आणि टेप म्हणत होती नऊशे नऊ! शेवटी मी पट्टी आणि टेप शेजारी शेजारी ठेवली. तुमच्या पट्टीचा सहाशेचा आकडा माझ्या टेपवर सहाशे सहाला होता.

तात्यांना फोन लावला. ते हसायलाच लागले. “सूनबाई, ती श्रिंकेजची पट्टी हाय. पॅटर्नवाला दुसरी पट्टी हातात धरतोय व्हय?” ओतलेलं बीड गार होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून लाकडी नमुना तेवढाच मोठा करायचा. दर वेळी गणित करत बसायला नको म्हणून तुमच्या पट्टीवरचे मिलिमीटरच मुळात तेवढे मोठे आखलेले. मी मेकॅनिकलची इंजिनिअर, बाबा. परीक्षेत यावर चार ओळी लिहून आलेय. आणि ती पट्टी सहा महिने माझ्या डोळ्यांसमोर होती!

मी गॅलरीत फतकल मारून बसले आणि हसत सुटले. लांबीत एक टक्का, रुंदीत एक, उंचीत एक, म्हणजे एकूण आकारमानात तीन. सात किलोच्या पाणबुडीला दोनशे दहा ग्रॅम. तुम्ही हौदावर नुसतं बघून दोनशे म्हणाला होतात! इतकी देखणी चूक मी आयुष्यात पाहिली नाही. ज्याचा हात हलतो त्याची चूक वेडीवाकडी असते; इथे जास्त, तिथे कमी. तुमची चूक शेंड्यापासून शेपटीपर्यंत एकसारखी होती. पाऊण नाही की सव्वा नाही. आई बाहेर आल्या तेव्हा मी हसत होते की रडत होते ते मलाच सांगता आलं नाही. त्यांनी पाणी आणून दिलं.

संध्याकाळी टायरवाल्याकडून चाकाला लावायची शिशाची वजनं आणली, दोनशे दहा ग्रॅम मोजून आत बसवली. काल सकाळी आम्ही सगळे लोणी काळभोरला गेलो. आईसुद्धा आल्या, पहिल्यांदाच. पाणी सोडलेल्या उसाच्या सरीतून पातळ हातात धरून चालत आल्या.

हौदाशी तात्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, सांगू का नको कळंना, पण सांगतो. व्हीआरएसच्या कागदावर सही घ्यायला वरच्या साहेबांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा ते साहेबही हेच बोलले होते. शब्दन्‌शब्द हेच, हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. तुम्ही हे एकट्या तात्यांना सांगितलं होतं. घरी कुणालाच नाही. त्या माणसाचं तुम्हाला इतकं लागलं नसेल. तो परका होता.

मी सगळ्यांसमोर, आईंसमोर, तात्यांसमोर, मिलिंदसमोर सांगून टाकलं, मी काय बोलले होते आणि ते कसं खोटं होतं. मग पंपाचं बटण दाबलं. पाठ पाण्याला टेकली. पाठ गेली! मनोरा निम्मा गेला, सगळा गेला, वर एक लहानसा भोवरा फिरला आणि पाणी सपाट झालं. गेली, बाबा! पाण्याखाली गेली! मिलिंद माझा दंड इतका घट्ट धरून उभा होता की अजून दुखतोय. ती खालून हिरव्या पाण्यातून सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली, मी वळवली, वळली, परत आली. तात्या हौदाच्या काठावरून तिच्याबरोबर धावत होते, त्या वयात. मी वर आणली तेव्हा आईंनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि पदराने पुसायला लागल्या. त्या गोलाईवरून त्यांचा हात बराच वेळ फिरत होता. मी त्यांना पुन्हा म्हटलं, आई, मी फार वाईट बोलले हो.

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मले काहून सांगून राहिली? त्यांना सांग.”

म्हणून सांगतेय. तरीही वाद सोडणार नाही मी. फायबर बीडासारखं आकसत नाही, तेव्हा पट्टी तुम्ही चुकीची उचललीत, एवढं माझं म्हणणं राहणारच. त्यावर तुम्ही काय म्हणाल तेही मला ठाऊक आहे. ड्रॉइंगवर मटेरियल लिहिलं नसेल तर बीड धरायचं, हा शॉपचा नियम. मटेरियल लिहिणं ड्रॉइंग काढणाऱ्याचं काम.

आत्ता उठून कपाटातलं ड्रॉइंग बाहेर काढून पाहिलं. खाली कोपऱ्यात माझं नाव आहे, तारीख आहे, माझी झोकदार सही आहे. मटेरियलचा रकाना कोरा आहे.

माफ करा, बाबा.